‘हे प्रेम आहे की नुसता आधार?’

प्रश्न घाटंजीकडच्या एका ताईंचा आहे. त्यांची चिठ्ठी लांब होती, थोडक्यात देते:

‘मी 33 वर्षांची. माझे मालक 2022 च्या पावसाळ्यात गेले. पेरणी दोनदा वाहून गेली, बँकेचं कर्ज होतं, त्यांनी आत्महत्या केली. मुलगा 9 वर्षांचा आहे. सासू-सासऱ्यांजवळ राहते. 3 एकर वावर मालकांच्या स्वतःच्या नावावर होतं. मागच्या वर्षी सेतू केंद्राच्या रांगेत एक जण भेटले. त्यांची बायको कॅन्सरनं गेली, राशन कार्डातून तिचं नाव कमी करायला ते आले होते. मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, मुलगी 12 वर्षांची. माझा फवारणीचा पंप त्यांनी नीट करून दिला, पैसे घेतले नाहीत. मी जवसाची चटणी पाठवली. आता रोज रात्री फोन होतो. पण ताई, आम्ही जास्त करून गेलेल्या माणसांबद्दलच बोलतो. हे प्रेम आहे की नुसता आधार? फोन ठेवला की झोप लागते आणि सकाळी उठलं की लाज वाटते. लोक म्हणतात, दुसरं लग्न केलं की वावर जाते, लेकरू जाते. मी काय करू?’

ताई, मी शेवटाकडून सुरू करते, झोपेपासून.

22 वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमध्ये एकल बायकांसोबत काम करतेय. ज्या घरात अशा रीतीनं माणूस जातो, तिथल्या बाईची झोप सगळ्यात आधी जाते आणि सगळ्यात शेवटी परत येते. रात्री कडी वाजली, कोठ्यात ढोर हललं, तरी ती उठून बसते. त्या रात्री आपण जागे असतो तर, हा विचार तिला वर्षानुवर्षं सोडत नाही. तुम्हाला झोप लागायला लागली. तिला प्रेम म्हणा, आधार म्हणा, पण ती सकाळच्या लाजेच्या बदल्यात देऊन टाकू नका. लाजेचं आपण पुढे बघू.

आता ‘प्रेम की आधार’. पहिल्या लग्नाच्या वेळी तुम्हाला हे कोणी विचारलं होतं का? पोरगा पाहायला आला, पोह्याची बशी पुढे ठेवली, वावर किती, ओलीत की कोरडवाहू एवढं विचारून झालं आणि साक्षगंधाची तारीख निघाली. प्रेम कोणी मोजलं नाही. दुसऱ्या वेळी मात्र बाईनं प्रेमाचा पुरावा द्यायचा, तोही आधी स्वतःला. आपल्याकडे संसार चालतो तो पाणी भरून ठेवण्यावर, तापात डोक्यावर पट्टी ठेवण्यावर, सावकार दारात आला तर पुढे होऊन बोलण्यावर. त्याला आधार म्हणतात आणि तो वजा केला तर प्रेमात काय उरतं ते मला अजून कोणत्या जोडप्यात दिसलेलं नाही. त्यामुळे हा प्रश्न मी बाजूला ठेवते. तुमच्या चिठ्ठीत त्याहून मोठी गोष्ट आहे आणि तुम्हाला ती दोष वाटते: तुम्ही गेलेल्या माणसांबद्दल बोलता.

तुमचे मालक गेल्यानंतर त्यांच्याबद्दल तुम्ही कोणाकोणाशी बोललात ते आठवा. पोलीस आले, पंचनामा झाला. तलाठी आले. (आता पाटीवर ग्राम महसूल अधिकारी लिहिलेलं असतं, पण गाव तलाठीच म्हणतं.) मग प्रकरण पात्र की अपात्र. त्यासाठी सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं सिद्ध करायचं. तेव्हा कुठे एक लाखाची मदत मिळते, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. नवरा जाऊन महिना झाला नाही तोवर बाई त्याची गोष्ट थकीत रकमेच्या भाषेत सांगायला शिकते. गावात तर वेगळीच चौकशी: ‘घरात काही झालं होतं का?’ म्हणजे तू काही बोलली होतीस का. सासरी त्यांचं नाव काढलं की सासूबाई रडतात म्हणून तिथंही काढायचं नाही.

मग या माणसाशी फोनवर तुम्ही काय बोललात? तुम्हीच लिहिलंय, मालकांना भरीत किती लागायचं ते सांगितलं, बंडीवर उभं राहून ते गाणी म्हणायचे ते सांगितलं. सरकारी फाइलीत तुमचे मालक एक प्रकरण होते, या माणसाजवळ ते पुन्हा माणूस झाले. त्याचंही तेच झालं असणार. नागपूरच्या फेऱ्या, तपासण्या, कोणाकडून किती उसने घेतले, यात त्याची बायको दोन वर्षं पेशंट होती. तुम्ही तिला कोणता रंग आवडायचा ते विचारलंत. तुमचं प्रेम याच बोलण्यातून उगवलंय, म्हणून ते बोलणं बंद करू नका.

माणूस गेल्यावर शोक पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो, शेवटच्या पायरीवर ‘स्वीकार’ असतो आणि तिथं पोचल्याशिवाय नवं काही सुरू करू नये, अशी समजूत आमच्या प्रशिक्षणांमध्येसुद्धा बरीच वर्षं होती. त्या पाच अवस्था एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडल्या, त्याही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी त्या मापाचा सदरा शिवलेलाच नव्हता. 1999 मध्ये मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी वेगळं मांडलं आणि मला ते आपल्या वावरात रोज दिसतं. शोकातला माणूस झोका घेतो. एका टोकाला गेलेल्याची ओढ, दुसऱ्या टोकाला पुढचं जगणं. वेचणीला गेलेली बाई दुपारी धुऱ्यावर डबा उघडताना रडते आणि चार वाजता काट्यावर किलोमागे दोन रुपये जास्त मिळावेत म्हणून भांडते. दोन्ही खरं आहे, एकाच दिवसातलं आहे. दोन्हीकडे जाता येणं ही बरं होण्याची खूण. काळजी कधी करायची, तर झोका एकाच जागी अडकला असेल तेव्हा: वर्ष उलटलं तरी रोज तीच ओढ, अन्न जात नाही, लेकराकडे लक्ष नाही. किंवा उलट, नाव काढलं तरी माणूस उठून जातो, सगळं ‘एकदम बरं’ असतं. पहिल्यासाठी डॉक्टर लागतो. दुसऱ्यासाठी वेळ लागतो आणि अशा माणसाशी लग्नाची घाई करू नये. तुमच्या चिठ्ठीत दोघांचाही झोका हलताना दिसतो.

सकाळच्या लाजेचंही यातच येतं. रात्री तुम्ही एका टोकाला हसून आलात, सकाळी दुसरं टोक आलं. इतकंच.

तरी लाज नुसती समजावून जात नाही. एक जोडपं सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. राळेगावकडची बाई, 41 वर्षांची, दोन पोरी उजवलेल्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. पलीकडच्या गावचा एक विधुर कास्तकार, पन्नाशीचा. ती त्याच्या वावरात वेचणीला जायची. त्यानं विचारलं तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘ताई, माहं आता फरदड झालं. पयली-दुसरी येचनी गेली, आता कोन बोंडं मोजते?’ फरदड म्हणजे वेचण्या संपल्यावरही पाणी देऊन उभी ठेवलेली कपाशी. कृषी खातं दरवर्षी सांगतं, ठेवू नका, गुलाबी बोंडअळी वाढते. लोक तरी ठेवतात. मी तिला म्हटलं, हे त्यालाच सांगून बघा. तिनं सांगितलं. तो म्हणाला, ‘फरदडीले भाव कमी भेटते. पन भेटते.’ ती हे सांगताना इतकी हसली की माझ्या हातातला चहा सांडला. त्या हसण्यावर मी मनातल्या मनात त्यांचं लग्न लावून टाकलं. खऱ्या लग्नाला अजून आठ महिने लागले.

फाल्गुनात लग्न झालं आणि वैशाखात अक्षय तृतीया आली. त्या दिवशी आपल्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. तिच्या पहिल्या नवऱ्याची घागर आता दीर भरणार होता. तिला त्या घरी जायचा मार्ग राहिला नव्हता आणि या घरी कोणत्या तोंडानं नाव काढायचं, म्हणून ती आदल्या दिवशी गप्प गप्प होती. नवरा बाजारातून आला तो दोन घागरी घेऊन. एक त्याच्या बायकोची. दुसरी दाखवत म्हणाला, ‘तुह्या मालकाले काय आवडे? उद्या पानात तेच वाढू.’ तिनं कढी-गोळे केले. दोन पानं वाढली, दोन घागरींवर आंबे ठेवले. ती म्हणाली, ‘त्या दिवशी मी त्याच्यापुढे पयल्यांदा रडली.’

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी घागरीचं विचारते. लग्नानंतर या घरात तुमच्या मालकांचा फोटो लागेल का? त्यांच्या बायकोचा लागेल का? तुमचा मुलगा बापाचं नाव मोकळेपणानं काढू शकेल का, की ‘आता तो विषय नको’ असं होईल? फोनवर तुम्ही दोघं हे करताच आहात. तेच घरात, दिवसाउजेडी, लेकरांसमोर टिकेल का, एवढं पारखायचं आहे. टिकणार असेल तर लाज हळूहळू विरते, कारण मग तुम्ही कोणाला टाकून कोणाकडे जात नाही.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात मी सगळ्यांना एकच सांगायची, निदान वर्षभर थांबा, सगळे सण एकदा होऊन जाऊ द्या. एका पोरीला असंच थांबवलं. तिचा निर्णय झालेला होता, माणूस चांगला होता, दोघंही शहाणे होते. चार महिन्यांत त्याच्या घरच्यांनी त्याचं दुसरीकडे जमवलं. ती मला काही बोलली नाही, फक्त यायची थांबली. मी नियम सांगितला होता, समोरची बाई पाहिली नव्हती. तेव्हापासून महिने मोजणं सोडलं. तुमच्या बाबतीत तर तीन पावसाळे गेलेत, त्यामुळे ‘फार लवकर’ हा प्रश्नच नाही.

पण फोनवरचा माणूस म्हणजे अर्धा माणूस. रात्री दहा वाजता, अंधारात, दुःखाबद्दल बोलताना सगळेच हळवे असतात. त्याला दुपारी दोनला बघा. बाजाराच्या दिवशी एखादी मैत्रीण सोबत घेऊन दुकानावर जाऊन बसा. गिऱ्हाईक उधारी बुडवतं तेव्हा तो कसा बोलतो, हाताखालच्या पोट्ट्याशी कसा वागतो, संध्याकाळी दुकान बंद करून कुठे वळतो. शेवटचं मुद्दाम म्हणते. आपल्याकडे पुरुषाला रडू देत नाहीत, म्हणून बऱ्याच जणांचं रडणं दारूतून बाहेर येतं. बायको गेल्यावर काही महिने प्यायला आणि सोडली, हा एक प्रकार. ‘तू आलीस की सोडीन’ हा दुसरा. दुसऱ्या प्रकाराशी लग्न करू नका. त्या वाक्यावर विश्वास ठेवलेल्या सात-आठ बायका मी पाहिल्यात, एकीच्याही नवऱ्याची दारू सुटलेली पाहिली नाही. आणि कर्ज विचारा, आकड्यात. ‘थोडंफार आहे’ हे उत्तर धरायचं नाही. कॅन्सरच्या उपचारात गहाण काय पडलं, कोणाचे किती राहिले, हे त्यानं कागदावर लिहून द्यावं. तुम्हीही तुमचं द्या. एकदा कर्जानं घर मोडलेल्या बाईला हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे. त्याला राग आला, तर तेही एक उत्तरच.

अजून एक गोष्ट, ती चिठ्ठीत कोणी लिहीत नाही. तुमचं नसबंदीचं ऑपरेशन झालं असेल तर ते आत्ताच सांगा आणि त्याला आणखी मूल हवंय का ते सरळ विचारा. नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया असते, पण त्यानंतर मूल होईलच याची खात्री कोणी देत नाही. त्याला एक मुलगीच आहे. ‘वंशाला पोरगा पाहिजे’ हे त्याच्या नाही तर त्याच्या आईच्या मनात असेल, आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी ते बाहेर पडेल. ते आधी बाहेर पडलेलं बरं.

आता वावर. ‘दुसरं लग्न केलं की वाटा गेला’ हे गाव उगाच म्हणत नाही. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्यानं लग्नाला परवानगी दिली, पण त्याच कायद्यात पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो असं कलम होतं. तो कायदा 1983 मध्ये रद्द झाला. लोकांच्या तोंडातून अजून जायचा आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे (तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे) नवरा गेला त्याच दिवशी त्याच्या नावावरच्या जमिनीत बायको, मुलं आणि त्याची आई यांना सारखा हिस्सा मिळतो. म्हणजे मालकांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर तुमच्या 3 एकरांत तुम्ही, तुमचा मुलगा आणि सासूबाई, प्रत्येकी एक एकर. सासरे या पहिल्या वर्गाच्या वारसांत येत नाहीत. एकदा मिळालेला हिस्सा नंतर लग्न केल्यानं परत जात नाही, तो तुमचा पूर्ण मालकीचा आहे. जमीन सासऱ्यांच्या नावावर असती तर गोष्ट वेगळी झाली असती, तिथे वडिलोपार्जित की स्वकष्टाची हे बघावं लागतं. कोलाम, गोंड अशा अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही, हेही शेजारच्या बाईला सल्ला देताना लक्षात ठेवा.

तेव्हा पहिलं काम, वारस नोंद झाली आहे का ते पाहा. आजचा सातबारा आणि 8अ (खाते उतारा) काढा. मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून तुमचं नाव हवं, अज्ञान पालनकर्ता म्हणून. फेरफार झाला नसेल तर लग्नाचा विषय घरात काढण्याआधी अर्ज द्या. मी कोणाला फसवायला सांगत नाही, हे तीन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. घरात वाद पेटल्यावर मात्र प्रत्येक सही महाग होते. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका, विधी सेवा समितीकडे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

लेकरू जातं, हेही खरं नाही. बाप गेल्यावर आई ही नैसर्गिक पालक आहे आणि पुन्हा लग्न केलं एवढ्यावरून ते पालकत्व जात नाही. वाद कोर्टात गेलाच तर मुलाचं हित कशात आहे ते पाहिलं जातं. त्याचा एक एकर त्याचाच राहतो. तो विकायला किंवा गहाण टाकायला तुम्हालाही कोर्टाची परवानगी लागते. सासऱ्यांना हे मुद्दाम सांगा, त्यांची निम्मी भीती इथे कमी होते. त्या माणसाच्या मालमत्तेत मात्र तुमच्या मुलाला आपोआप वाटा मिळत नाही. त्याला द्यायचा असेल तर मृत्युपत्र करावं लागेल. शाळेत मुलाच्या बापाचं नाव बदलायची घाई करू नका, ते नाव त्याच्याजवळ राहू द्या.

संजय गांधी निराधारचे महिन्याचे दीड हजार लग्नानंतर बंद होतील. तहसीलला स्वतः कळवा. त्या पैशांसाठी लग्न लपवून ठेवलेल्या बायका आहेत. मग नोंदणी नाही, कागद नाही, आणि पुढे काही बिनसलं की ती बाई ना इकडची ना तिकडची. देवळात हार घाला, हरकत नाही, पण ग्रामपंचायतीत नोंदणी कराच. दोघांच्याही पहिल्या जोडीदारांचे मृत्यू दाखले लागतील. ते दोन कागद एकाच फाइलीत लावताना हात थरथरतो, एवढं आधीच सांगून ठेवते.

सासू-सासऱ्यांकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे. त्यांचा तरणा पोरगा गेला. सून लग्न करते म्हणजे त्यांच्यासाठी त्या पोराचं घर दुसऱ्यांदा मोडतं, नातू जातो, आणि म्हातारपणी भाकर कोण टाकेल हा प्रश्न. त्यांचा विरोध होईल आणि तो तुम्हाला दुष्टपणा वाटेल, पण त्यात बरंचसं दुःखच असेल. एका जोडप्यानं हे टाळायला देवळात गुपचूप लग्न केलं आणि ‘चार महिने’ म्हणून पोरगं आजी-आजोबांजवळ ठेवलं. त्या चार महिन्यांची तीन वर्षं झाली. पोरगं आईला ओळखीच्या पाहुणीसारखं भेटायचं. तुमच्या मुलाला एक दिवसही असं मागे ठेवू नका.

आधी सासूबाईंना एकट्यानं सांगा. फोनवर नाही, पोळ्याच्या आसपास नाही, पुण्यतिथीच्या महिन्यात नाही. सुरुवात त्यांच्या एक एकरापासून करा: ‘आई, यातला एक हिस्सा तुमचा आहे, तो तुमच्या नावावर लागला पाहिजे.’ बहुतेक त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं, सासऱ्यांनीही नाही. मग बाकीचं ठरवा. तुमचा आणि मुलाचा हिस्सा कोणाला ठेक्यानं द्यायचा की सासऱ्यांनीच बटईनं करायचा. दवाखान्याला कोण नेणार. तान्ह्या पोळ्याला नातू लाकडी बैल घेऊन आजोबांच्याच दारी येणार. बोलणं जितकं बारीक तितका विरोध बोथट होतो.

‘आपल्यात असं नसते’ हे वाक्य येईलच. शांतपणे म्हणा, आपल्यातच होतं. कुणबी, माळी, तेली अशा कितीतरी समाजांत आपल्याकडे पाट लावत, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. रात्री, गाजावाजा न करता, पण समाजाच्या संमतीनं. सासूबाईंच्या माहेरी कोण्या आजी-पणजीचा पाट लागलेला असेल, विचारून बघा. विधवेनं दुसरं घर करायचं नाही ही उच्चवर्णीयांची रीत होती, प्रतिष्ठेच्या नादात बाकीच्यांनी ती अंगावर घेतली. गंमत अशी की त्या उच्चवर्णीयांतल्याच धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं, आणि आपल्याकडची माणसं अजून पाट विसरल्यासारखं करतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या ग्रामसभेत तो वाचला गेला का ते विचारा. सरपंच बाई असेल तर तिला आपल्या बाजूनं उभं करायला हे चांगलं निमित्त आहे.

मुलांचं थोडक्यात. तुमच्या मुलाला बाप कसा गेला हे माहीत आहे का? नसेल तर लग्नाआधी तुम्ही सांगा, साध्या शब्दांत. शाळेतलं कोणी सांगण्याआधी. त्यात तुझी चूक नव्हती, माझी नव्हती, हे दोन्ही सांगा. त्या मुलीला ‘आई’ म्हणायला लावू नका. 12 वर्षांची पोरगी आहे, तिच्याशी पाळीबद्दल कोणी बोललं आहे का ते बापाला माहीतही नसेल. तिथे तुम्ही मोठ्या मैत्रिणीसारखं उभं राहा. काय हाक मारायची ते तिचं ती ठरवेल. आमच्या एका पोरीनं चार वर्षं ‘ओ’ म्हणून हाक मारली आणि तिचं काहीही बिघडलं नाही.

मधेच मन बुडेल. पोळा, पुण्यतिथी, सोयाबीन निघायचे दिवस, यात तुमच्यासारख्या बायकांना हमखास होतं. लग्न ठरल्यावर तर जास्तच होतं. जगू नये असं वाटलं तर त्या फोनची वाट पाहू नका, 14416 वर लावा, टेली मानसची सेवा आहे, रात्रंदिवस, फुकट, मराठीत बोलता येतं. त्या माणसालाही हा नंबर देऊन ठेवा. तुमचा सगळा भार त्याच्यावर आणि त्याचा तुमच्यावर, असं झालं तर दोघंही वाकाल.

सातबारा निघाला की मला भेटा. पहिल्यांदा एकट्या या, मग त्यांना एकट्यानं पाठवा, मग दोघं या. लेकरांना आणायची घाई नाही.

आणि पंपाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या बाजाराला देऊन टाका. नाही घेतले, तर का घेत नाही ते तिथंच विचारा, भर दुपारी, दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. काय म्हणतात ते मला कळवा.